हौदावरचं घमेलं

जालना रोडनं करमाडकडे निघालं की शेंद्र्याच्या पुढं उजव्या हाताला एक शीतगृह होतं. आसपासची माणसं त्याला नुसतं 'कोल्ड' म्हणत. "कुठं उतरायचं?" "कोल्डपाशी." एसटीचे कंडक्टरसुद्धा तसंच ओरडत. पिशोरची अद्रक, बदनापूरकडची मोसंबी, चिंच, मिरची असं सगळं तिथं थंडाव्याला येऊन पडायचं. रस्ता तेव्हा चौपदरी झालेला होता, पण कडेची थोडी लिंबं अजून उभी होती आणि त्यांच्या पलीकडं मोकळी माळरानं दिसत. आता दिसत नाहीत.

शैलानं त्या कोल्डमध्ये अकरा वर्षं नोकरी केली. शहरातून सकाळच्या गाडीनं यायची, संध्याकाळच्या गाडीनं जायची. काम ऑफिसातलं, पण यंत्रांच्या देखभालीचं सगळं वेळापत्रक तिच्याच हातात होतं. कोणत्या दिवशी काय तपासायचं ते ती महिन्याच्या आरंभी सुवाच्य अक्षरात लिहून भिंतीला चिकटवायची. थंड खोल्यांच्या दारात कागदाची पट्टी धरून दार लावायचं. पट्टी ओढून निघाली तर दाराचं रबर सैल पडलं असं समजायचं. यंत्रातलं साचलेलं तेल काढायचं, पट्टे ताणायचे. आणि गंधकाची कांडी पेटवून अमोनियाच्या एकेका सांध्यापाशी फिरवायची. कुठं वायू गळत असला की तिथं पांढरा धूर दाटून येतो. हे काम मुंजाबाचं.

मुंजाबा तिथला सगळ्यात जुना ऑपरेटर. जातीनं धनगर, बापजाद्यांनी मेंढरं राखलेली, पण हा विशीत यंत्राला चिकटला तो चिकटलाच. शाळा चौथीपर्यंत. तरी यंत्राचा आवाज बदलला की जेवणावरून उठायचा. लोक म्हणत, मुंजाबाला बायकोची हाक ऐकू येत नाही, पण कॉम्प्रेसरची शिंक ऐकू येते.

शैलाला तो माणूस आवडायचा, आणि त्याचं टापटिपीशी वाकडं होतं म्हणून खुपायचाही. पाने जिथं काम संपेल तिथं, तेलाची चिंधी दाराच्या कडीला. शैला पडली कचेरीतल्या कारकुनाची मुलगी. तिचे वडील निजामाच्या अमदानीत नोकरीला लागलेले. त्यांच्या मेजावर दौत, टाक, रूळ यांच्या जागा अशा ठरलेल्या की दिवे गेले तरी हात बरोबर तिथंच जायचा. बहात्तरच्या दुष्काळात शैला दहा वर्षांची होती. घरात दोन घागरी पाणी असायचं, पण त्या घागरीसुद्धा तिचे वडील रोज एका रेषेत मांडायचे. ती रेष तिच्या अंगात उतरली होती. कोल्डमध्ये ती गेली की माणसं आधी चिंध्या लपवत.

लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. सलग दुसरं वर्ष पावसानं दगा दिलेला. शहरात नळाला चार दिवसांआड पाणी, आणि त्याच शहराच्या कडेला दर महिन्याला नवी इमारत. कोल्डला टँकरचं पाणी लागायचं. छतावर नळ्यांची मोठी जाळी होती, तिच्यावरून अखंड पाणी पडत राहायचं, तेव्हा कुठं आतला तापलेला वायू निवायचा. टँकरचं पाणी जड. नळ्यांवर चुन्याची खपली धरायची. एरवी वर्षाकाठी एकदा तेजाब टाकून नळ्या धुवायचे. त्या उन्हाळ्यात दर महिन्याला धुवायची वेळ आली.

छतावरचं जुनं पाणी रोज थोडं थोडं सोडून द्यावं लागे. ते मातीत जाऊ नये म्हणून मुंजाबानं चार वर्षांपूर्वी मागच्या भिंतीतून पाइप काढून बाहेर एक सिमेंटचा हौद करून घेतला होता. त्याची थोरली बहीण बानाबाई आणि तिच्या भावकीतली आणखी दोन घरं तिथं मेंढरं पाजायला आणत. जवळपासचं बाकी सगळं आटलेलं. विहिरी आटल्या, ओढा आटला, आणि जुन्या चराऊ माळावर प्लॉट पडून तारा लागल्या. त्या हौदावरच त्यांचा उन्हाळा निघत होता.

धुलाईच्या दिवशी मात्र तेजाबाचं पाणीही त्याच पाइपनं बाहेर यायचं, दुसरी वाटच नव्हती. ते हौदातून ओढ्यात सोडून द्यायचं आणि मग तेजाबाचा अंश निघून जाईपर्यंत दोन दिवस साधं पाणी वाहतं ठेवायचं, असा शिरस्ता होता. शैलानं त्यासाठी हौदावर एक पाटी लावून घेतली होती: 'हे पाणी पिण्यास अयोग्य आहे.' निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं. पाटी लावली त्या दिवशी तिला बरं वाटलं होतं. त्यानंतर मागच्या भिंतीपलीकडं ती फारशी गेली नाही.

वैशाखातल्या एका मंगळवारी धुलाई झाली. बुधवारी विम्याची माणसं तपासणीला यायची होती. शैला लवकरची गाडी पकडून आली आणि झाडूवाल्या मालनबाईला घेऊन सगळं आवार फिरली. तेलाचे डाग पुसून घेतले, पाने खिळ्यांना लावले. मागचं फाटक उघडून बाहेर पाहिलं, तर हौदाजवळच्या लोखंडी खांबाला वायरनं एक घमेलं टांगलेलं. गंजलेलं, बुडाला भोक, कडेला लाल फडक्याची चिंधी. तिच्या निळ्या पाटीच्या अगदी शेजारी.

"बघा, आता हे इथं कुणी लावलं?"

मालनबाई म्हणाली, "काय की बाई. असतं ते कधी मधी."

शैलानं स्वतःच वायरचे पीळ सोडवले, घमेलं काढलं आणि परत येताना भंगाराच्या कोपऱ्यात टाकून दिलं. हाताला गंज लागला तो साबणानं धुतला. मुंजाबा तेव्हा यंत्रघरात गंधकाची कांडी घेऊन वाकलेला होता. त्याला विचारावं असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

विम्याचे साहेब अकराला आले. चहा झाला, आणि मागून आरडाओरडा ऐकू आला.

सगळे धावले. हौदाभोवती मेंढरं पांगलेली. काही माना खाली घालून तोंड घासत होती, काहींच्या तोंडाला फेस. दोन गाभण मेंढ्या आडव्या झालेल्या. बानाबाई एकीचं डोकं मांडीवर घेऊन तिच्या तोंडात आपल्या बाटलीतलं पाणी ओतत होती. मुंजाबा सगळ्यांच्या आधी पोचला होता. तो मेंढ्यांकडं बघत नव्हता. खांबाकडं बघत होता.

"घमेलं कुठाय मुंजा?" बानाबाईनं विचारलं.

मालक व्यंकटराव धापा टाकत आले. सत्तरीचे, धोतरातले, तापट पण मनानं वाईट नव्हते. "घमेल्याचं काय आहे हे?"

मुंजाबा म्हणाला, "मालक, तेजाब सोडलं की म्या हितं घमेलं टांगतो. टांगलेलं दिसलं की मेंढरं माघारी फिरत्यात. दोन दिसानं म्या सवता त्या पाण्याची चूळ भरून बघतो, मंग काढतो. चार साल झाले."

"मग काल टांगलं नाहीस?"

"टांगलं व्हतं."

"टांगलं व्हतं तर वाऱ्यानं नेलं व्हय?" बानाबाई ओरडली. "वारं तरी हाय का रं आज?"

शैलाला तेव्हा कळलं. आत्ता बोलायचं, एवढंच करायचं होतं. 'मी काढलं,' दोन शब्द. पण समोर विम्याचे साहेब उभे होते, व्यंकटराव उभे होते, आणि अकरा वर्षांत तिच्या हातून चूक झाल्याचं कुणी म्हटलेलं नव्हतं. तिचं बोट पाटीकडं गेलं, आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"पण... पाटी तर लावलेली आहे."

बानाबाईनं मान वर करून आधी पाटीकडं, मग तिच्याकडं पाहिलं. "ती पाटी रोजच हाय की बाई. चांगल्या पाण्यावर बी तीच, वाईटावर बी तीच."

साहेबांनी पाटीचा फोटो काढला.

संध्याकाळपर्यंत दोन्ही मेंढ्या गेल्या. बाकीची वाचली, पण कित्येकांची तोंडं सोलली होती, चारा चावेना. व्यंकटराव म्हणाले, दोन मेंढ्यांच्या जागी दोन घेऊन देतो. बानाबाईनं नको म्हणून सांगितलं. भावाच्या तोंडावर ती एवढंच बोलली, "तू आता कोल्डचा झाला. आमचा नाय ऱ्हायला." दुसऱ्या दिवसापासून तिन्ही घरांची मेंढरं हौदावर यायची बंद झाली. कोसभर लांब एक पाझर होता, तिथं नेऊ लागली.

दोन दिवसांनी मुंजाबा ऑफिसच्या दाराशी आला. आत यायचा नाही तो कधी, चपला तेलकट म्हणून.

"बाई, तुमच्या नजरेला पडलं का हो घमेलं कुठं?"

शैला टेबलावरचे कागद सारखे करत होती. "नाही," ती म्हणाली. मान वर न करता म्हणाली.

"नाय, म्हणलं तुमी त्या दिशी समदीकडं फिरला व्हता."

"नाही दिसलं."

"बरं," म्हणून तो गेला. ती उठून भंगाराच्या कोपऱ्याकडं गेली. घमेलं तिथंच होतं, दोन तुटक्या ट्रेखाली. भंगारवाला शनिवारी यायचा होता. तिनं ते उचललं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि स्टेशनरीच्या कपाटात सगळ्यात खालच्या खणात ठेवून कुलूप लावलं. का ठेवलं ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. फेकून द्यायचं धैर्य नव्हतं आणि बाहेर काढायचंही नव्हतं.

त्यानंतर जे व्हायला लागलं ते शैलानं धरलंच नव्हतं. तिला वाटलं होतं, मुंजाबा चिडेल, कुणाचं तरी नाव घेईल. तसं काहीच झालं नाही. आठवडाभरानं तो बन्सीला, म्हणजे दुसऱ्या ऑपरेटरला म्हणाला, "मीच इसरलो असंल रे. मनात आलं आन् वाटलं टांगलं. वय झालं आता."

आणि मग तो खरोखरच विसरल्यासारखा वागायला लागला. वॉल्व्ह बंद करायचा, चार पावलं जायचा, परत येऊन हात लावून बघायचा. गंधकाची कांडी एकदा फिरवून झाली की पुन्हा पहिल्या सांध्यापासून सुरू. "बन्सी, तेल काढलं का रे म्या?" "आत्ताच तर काढलं मुंजाबा." "तू बघितलं ना?" बन्सी आधी हसायचा, नंतर हसेनासा झाला. शैला हे सगळं ऑफिसच्या काचेतून बघायची. तिच्या वेळापत्रकावर मुंजाबाच्या खुणा आता एकेका कामापुढं दोन दोन, तीन तीन व्हायला लागल्या होत्या.

ती घरी आली की देवाजवळ दिवा लावताना हात थांबायचे. उद्या सांगू, म्हणायची. सकाळी गाडीत वाक्य जुळवायची. 'मुंजाबा, माझ्याकडून एक चूक झाली.' शेंद्र्यापर्यंत वाक्य तयार असायचं. कोल्डपाशी उतरलं की ते पांगायचं. आधी एका चुकीचं सांगायचं होतं. आता पाटीकडं दाखवलेल्या बोटाचं, आणि त्या 'नाही'चंही सांगावं लागणार होतं. दिवस जाईल तसं ते ओझं वाढतच चाललं.

पुढची धुलाई चार दिवसांवर आली तेव्हा मुंजाबा व्यंकटरावांपुढं जाऊन उभा राहिला. शैला तिथंच बसलेली होती.

"मालक, म्या काम सोडतो."

"काय झालं आता?"

"अमोनियाचं काम हाय. इसरणारा माणूस हितं नको. मेंढरांवर निभावलं, उद्या माणसांवर यील."

व्यंकटराव म्हणाले, "महिना संपू दे. बघू." तो गेल्यावर शैलाकडं वळून म्हणाले, "माणूस प्रामाणिक आहे हो. स्वतःच कबूल झाला. तो विषय तिथंच संपलेला बरा." आणि त्यांच्या आवाजात सुटल्यासारखा भाव होता. शैला "हो" म्हणाली. त्या 'हो'ची तिला जितकी शरम वाटली तितकी त्या दिवशीच्या पाटीचीही वाटली नव्हती. आपल्यामुळं एक शहाणं माणूस वेडं होत चाललं आहे, आणि आपण खुर्चीत बसून मान डोलावतो आहोत.

ती उठली. कपाट उघडलं, पुडकं काढलं आणि यंत्रघरात गेली.

यंत्रघरात दोन्ही कॉम्प्रेसर चालू होते. तिथं कुजबुज करता येत नाही. शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. मुंजाबा पट्ट्यावर हात ठेवून ताण बघत होता, बन्सी पलीकडं मीटरपाशी.

"मुंजाबा!"

त्यानं मान वर केली.

"घमेलं मी काढलं!"

त्यानं कानामागं हात धरला. तिनं वर्तमानपत्र फाडून घमेलं पुढं केलं आणि जिवाच्या आकांतानं ओरडली, "मी काढलं! मीच!" तिच्या आयुष्यात ती इतक्या मोठ्यानं कधी ओरडली नव्हती. बन्सीनं मान वळवली. दारात बादली घेऊन आलेली मालनबाई तिथंच थबकली.

मुंजाबानं हात पुसले आणि बाहेर उन्हात आला. शैला मागोमाग.

"कवा?"

"त्याच दिवशी. सकाळी. तपासणी होती म्हणून."

"खांबाला व्हतं?"

"हो."

"वायरनं?"

"हो."

"वायरला पीळ किती व्हते?"

शैलानं आठवून पाहिलं. तिच्या बोटांना आठवत होतं. "दोन. दोन पीळ होते. घट्ट होते, मला वेळ लागला."

"दोनच मारतो म्या," मुंजाबा म्हणाला. तो भिंतीला टेकून खाली बसला. "मंग म्या इसरलो नव्हतो."

"नाही."

"सव्वीस दिस झाले बाई. घरी जातो आन् चुलीतला जाळ इझला का ते तीनदा बघतो. बायको म्हणती, तुमाला भूत लागलं." त्यानं चेहऱ्यावरून हात फिरवला. तो रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं. "म्या तुमाला इचारलं व्हतं ना दारात?"

"विचारलं होतं."

"हां," तो म्हणाला. मग उठता उठता, "बानाला कोण सांगणार?"

"मी सांगते. तुम्ही चला बरोबर."

"म्या नाय येत. तुमी एकल्या जा. मेंढरं पाझरावर असत्याल ह्या वक्ताला."

शैला एकटी गेली. ऊन डोक्यावर, रस्ता कसला तो नाहीच. चुन्यानं आखलेले प्लॉट, दर पन्नास पावलांवर तारेचं कुंपण, मधूनच एखादी कमान उभी आणि कमानीच्या आत काहीच नाही. लहानपणी वडिलांबरोबर ती ह्याच बाजूला हुरड्याला आली होती. तेव्हा कुणाच्याही बांधावरून कुठंही जाता यायचं. आता एका कोसाचे दीड कोस झाले.

बानाबाई बाभळीच्या विरळ सावलीत बसली होती. शैला उभ्यानंच बोलली. घमेलं, तपासणी, भंगार, कपाट, आणि मुंजाबानं विचारलं तेव्हा आपण काय म्हणालो, तेही. काही गाळलं नाही.

बानाबाईनं सगळं ऐकून घेतलं. "पाटीकडं बोट दावलं ते तुमीच ना?"

"हो."

"तवा ठावं व्हतं तुमाला?"

"तेव्हाच कळलं होतं."

"मंग का नाय बोलला?"

"लाज वाटली."

"आन् आता?"

"आता जास्त वाटते."

बानाबाई काठीला धरून उठली, आणि ती काठी शैलाच्या हातात दिली. "बसा हितं. मेंढरं बघा. त्या तारंच्या आत जाऊ द्यायची नाय, त्यो वाचमन लई वंगाळ हाय. म्या माझ्या भावाला भेटून येते."

"पण मला ह्यातलं काही—"

"मला बी पाटी वाचता येत नाय," बानाबाई म्हणाली आणि चालू लागली.

शैला बाभळीखाली बसली. कलफाची सुती साडी, खांद्याला पर्स, हातात काठी. मेंढरं थोडा वेळ शहाण्यासारखी राहिली, मग एक काळ्या तोंडाची तारेकडं निघाली आणि तिच्यामागं सगळी. शैला "हट् हट्" करत धावली. कुणी ऐकेना. तारेपलीकडून वॉचमन आला.

"ओ अम्मा, क्या कर रे तुम? बकऱ्यां हटाव ना यहां से! सेठ देख लिया तो मेरी नौकरी जाती!"

"मेंढ्या आहेत," शैला म्हणाली.

"मेंढ्या हो या हत्ती हो, हटाव! पढी-लिखी दिखते, शरम नको क्या?"

"आहे," ती म्हणाली आणि काठी घेऊन पुन्हा धावली. पायात कुसळं रुतली, पदर तारेला अडकून फाटला. कशीबशी तिनं ती काळ्या तोंडाची वळवली, तेव्हा बाकीची आपसूक वळली. काही जवळून गेली तेव्हा तिला त्यांची तोंडं दिसली. ओठांवरची सोललेली कातडी सुकून गुलाबी झाली होती, तिथं लोकर नव्हती. ते तिनं आजवर जवळून पाहिलेलं नव्हतं.

ऊन कलल्यावर बानाबाई परत आली. डोळे रडलेले होते, पण चाल हलकी होती. आधी मेंढरांवरून नजर फिरवली, मग शैलाच्या फाटक्या पदरावरून. काठी घेतली.

"त्यो कामावर ऱ्हातो म्हणला."

"बरं झालं."

"परवा माझ्याकडं जेवाया यील." मग ती म्हणाली, "मेंढरं मातर आता तुमच्या हौदावर नाय यायची. त्यानं घमेलं टांगलं तरी बी नाय. पाऊस पडूस्तवर हितंच आणीन."

शैलाच्या मनात आलं, सांगावं की पुढच्या धुलाईला आपण स्वतः हौदापाशी उभ्या राहू. पण ते कुणाला हवं होतं? "बरं," ती म्हणाली.

बानाबाईनं जीभ टाळूला लावून एक आवाज काढला, आणि शैलानं तासभर धावून जे जमवलं होतं ते त्या एका आवाजात झालं; मेंढरं तिच्यामागं निघाली. शैला रस्त्याकडं चालू लागली. व्यंकटरावांना सांगायचं अजून राहिलं होतं. महिनाभर तिला त्याचीच सगळ्यात जास्त धास्ती वाटली होती. आता ते सगळ्यात सोपं वाटत होतं, आणि ते सोपं वाटतंय ह्याचीही तिला लाज वाटली.